‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ : शंभरी ओलांडलेली साक्ष

अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द हाउंड ऑफ डेथ’ या कथासंग्रहाची प्रत मी घेतली ती त्यातल्या एकाच कथेसाठी. १९३३ साली इंग्लंडमध्ये हा संग्रह निघाला तेव्हा तो दुकानात विकतही मिळत नव्हता. एका साप्ताहिकातील कुपने जमवून पाठवणाऱ्या वाचकांनाच तो मिळत असे. संग्रहात बारा कथा आहेत. बहुतेक कथा भुताखेतांच्या, पूर्वसूचनांच्या आणि मृतात्म्यांशी बोलू पाहणाऱ्यांच्या आहेत. त्यांच्या मधोमध ‘द विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ ही खुनाच्या खटल्याची कोरडी, हिशेबी कथा वाट चुकून येऊन बसल्यासारखी वाटते. संग्रह म्हणून पुस्तक मध्यम प्रतीचे आहे. या एका कथेसाठी मात्र ते अवश्य घ्यावे, असे माझे मत आहे.

सांगलीच्या न्यायालयात लघुलेखकाच्या खुर्चीवर बसून साक्षीदारांच्या साक्षी उतरवून घेण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला. या कामामुळे न्यायालयीन कथा वाचण्यातले सुख बरेचसे नासते. पिंजऱ्यासमोर येरझाऱ्या घालत भाषण ठोकणारा वकील, हातोडा आपटणारे न्यायाधीश (इंग्लंडच्या काय आणि आपल्याकडच्या काय, न्यायाधीशांच्या मेजावर हातोडा नसतोच), ऐन वेळी दार ढकलून धावत येणारा साक्षीदार, असे काही आले की पुस्तक मिटावेसे वाटते. ख्रिस्तींची ही कथा मात्र मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी ती मला न्यायालयाच्या कामकाजाबद्दल काहीतरी खरे सांगणारी वाटली आहे. जुनी प्रत २०१९ च्या महापुरात गेली, म्हणून ही नवी घ्यावी लागली.

कथेचा प्रवास थोडक्यात सांगतो. ती प्रथम १९२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका साप्ताहिकात वेगळ्याच नावाने छापली गेली. आठ वर्षांनी ती या संग्रहात आली. लेखिकेनेच तिचे नाटक केले. ते १९५३ साली लंडनच्या रंगभूमीवर आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. १९५७ साली बिली वाइल्डर यांनी त्यावर चित्रपट काढला. ऑक्टोबर २०१७ पासून लंडनच्या काउंटी हॉलमधील जुन्या सभागृहात या नाटकाचे प्रयोग सुरू झाले, आणि तेथे काही प्रेक्षकांना ज्यूरीच्या आसनांवर बसूनच खटला पाहता येतो. छोट्याशा कथेला एवढे आयुष्य क्वचितच लाभते.

कथानक साधे आहे. लेनर्ड व्होल हा पैशाने ओढग्रस्त असलेला तरुण ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका वृद्ध स्त्रीच्या हातून पडलेली पुडकी उचलून देतो. त्यातून ओळख होते, घरी जाणे-येणे सुरू होते. एमिली फ्रेंच नावाची ही स्त्री एकटी, श्रीमंत आणि या तरुणावर लोभ जडलेली आहे. एका रात्री तिच्या डोक्यात पहार घालून तिचा खून होतो, आणि मृत्युपत्रात बहुतेक सगळी मालमत्ता व्होलच्या नावे केलेली आढळते. घरातील मोलकरीण जॅनेट मॅकेन्झी सांगते की, साडेनऊ वाजता मी काही वस्तू न्यायला परत आले तेव्हा बैठकीच्या खोलीत बाईंशी बोलणाऱ्या एका पुरुषाचा आवाज ऐकला. व्होलचे म्हणणे असे की, नऊ वाजून वीस मिनिटांनी मी माझ्या घरी पोहोचलो होतो आणि माझी पत्नी रोमेन हे सांगू शकेल. मेहर्न हे त्याचे सॉलिसिटर, म्हणजे खटल्याची तयारी करणारे वकील, रोमेनला भेटायला जातात, आणि तेथून कथेचा रस्ता वळतो. ही परदेशी, पूर्वी रंगभूमीवर काम केलेली स्त्री त्यांना थंडपणे सांगते की, मी व्होलची कायदेशीर पत्नी नाही, माझा पहिला नवरा जिवंत आहे, व्होलचा मला तिरस्कार वाटतो आणि तो फासावर गेला तर मला आनंदच होईल. ती आरोपीची साक्षीदार व्हायची ती सरकार पक्षाची साक्षीदार होते.

हे सगळे ख्रिस्ती किती थोड्या जागेत बसवतात ते पाहण्यासारखे आहे. आरोपीची वकिलाशी पहिली भेट हे कथेतले सर्वात लांब दृश्य आहे, आणि ते मला न्यायालयातल्या प्रसंगापेक्षाही मोलाचे वाटते. मेहर्न प्रश्न विचारतात, व्होल उत्तरे देतो, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याची बाजू अधिकाधिक पडत जाते. तो भोळा आहे म्हणून असे होते, की भोळेपणाचे सोंग घेतो म्हणून, हे ठरवायला वाचकाजवळ काहीच साधन नसते. वकिलाजवळही नसते. आरोपी प्रथमच समोर बसतो तेव्हा अनुभवी फौजदारी वकील काय ऐकतो, हे मला एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी एकदा सांगितले होते: “अशील काय सांगतोय ते मी नंतर ऐकतो. कुठल्या प्रश्नाला तो फार लवकर उत्तर देतो ते आधी बघतो.” व्होल बहुतेक प्रश्नांना लगेच उत्तर देतो. पहिल्या वाचनात हा प्रामाणिकपणा वाटतो.

मेहर्न या पात्राची निवड हीच लेखिकेची हुशारी आहे. तो देखणा नाही, वक्ता नाही, खटला चालवणारा मोठा बॅरिस्टरही नाही. तो लहानखुरा, कोरडे खोकणारा, नाकावरचा चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसणारा कागदपत्रांचा माणूस आहे. त्याच्यावर वाचक विश्वास ठेवतो, कारण तो भावनेच्या आहारी जाणार नाही असे वाटते. अशी माणसे न्यायालयात मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांचीच फसवणूक सर्वात खोलवर होते, कारण त्यांनी एकदा पुरावा तपासला की त्या पुराव्यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांइतका भरवसा बसतो.

मोलकरणीची साक्षही बारकाईने वाचावी. जॅनेट व्होलचा द्वेष करते, आणि तो तिच्या प्रत्येक वाक्यात दिसतो. म्हणून तिचे ऐकताना आपण नकळत काही टक्के वजा करतो. आमच्याकडेही बचाव पक्षाचा वकील प्रथम हेच शोधतो: साक्षीदाराचे आरोपीशी वैर आहे का, जमिनीचा वाद आहे का, पूर्वीची फिर्याद आहे का. पण वैर असणारा माणूस खोटेच बोलतो असे नाही. तो खरे बोलायलाही अधिक उत्सुक असू शकतो. या साध्या गोष्टीचा वापर लेखिकेने दोनदा केला आहे, एकदा उघडपणे आणि एकदा लपवून.

येथून पुढे कथेचे रहस्य सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही. ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी येथेच थांबावे, ती वाचावी आणि वाटल्यास मग परत यावे. चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षकांना शेवट कोणाला सांगू नका अशी विनंती केलेली आहे. शंभर वर्षे जुन्या कथेच्या बाबतीत ती मी इतपतच पाळू शकतो.

खटल्यात रोमेन सांगते की, व्होल त्या रात्री नऊ वीसला नव्हे, तर दहा वाजून वीस मिनिटांनी घरी आला, त्याच्या कोटाच्या बाह्यांना रक्त होते, त्याने ते कपडे जाळले आणि मला गप्प राहण्याची धमकी दिली. व्होलचा गळा फासात अडकल्यातच जमा होतो. पण खटल्याच्या आधीच मेहर्न यांना स्टेपनीच्या गरीब वस्तीतून एक अशुद्ध, खरडलेले पत्र आलेले असते. तेथे जळालेल्या चेहऱ्याची एक दारुडी बाई थोड्या पैशांच्या बदल्यात त्यांना रोमेनची पत्रे विकते. रोमेनने मॅक्स नावाच्या प्रियकराला लिहिलेल्या या पत्रांत व्होलला खोट्या साक्षीने फासावर पाठवण्याचा बेत स्पष्ट लिहिलेला असतो. उलटतपासणीत ही पत्रे पुढे येतात, रोमेन कोसळते, आपण खोटे बोललो असे कबूल करते, आणि ज्यूरी व्होलला निर्दोष ठरवते.

नंतर मेहर्न यांच्या मनात एक खटका राहतो. साक्षीच्या वेळी रोमेनचा उजवा हात सारखा आवळत आणि सुटत होता. स्वतःला चष्मा पुसण्याची सवय आहे हे जसे मेहर्न यांच्या ध्यानात येत नाही, तशीच ही तिच्या ध्यानात न आलेली सवय. आणि हीच हालचाल त्यांनी आणखी कोठेतरी पाहिली होती: स्टेपनीतल्या त्या जळालेल्या चेहऱ्याच्या बाईच्या हाताची. ती बाई रोमेनच होती. पत्रे तिनेच लिहिली, तिनेच विकली, आणि आपली साक्ष तिने स्वतःच पाडली. प्रेम करणारी पत्नी नवऱ्याच्या बाजूने बोलली असती तर ज्यूरीने तिच्यावर विश्वास ठेवला नसता, हे मेहर्न यांच्याच बोलण्यातून तिला कळले होते. म्हणून ती विरुद्ध बोलली आणि खोटी पडली. मेहर्न म्हणतात, तुम्हाला तो निर्दोष वाटत होता म्हणून तुम्ही हे केले. ती म्हणते, तो दोषी आहे हे मला माहीत होते. कथा तेथेच संपते.

या शेवटाबद्दल बोलताना बहुतेक वाचक धक्क्याची स्तुती करतात. धक्का तर आहेच, पण धक्के शिळे होतात. हा शिळा होत नाही याचे कारण वेगळे आहे. शेवट कळल्यावर रोमेनची साक्ष पुन्हा वाचावी. तिने पिंजऱ्यात उभे राहून जे सांगितले ते सगळे खरे होते. दहा वाजून वीस मिनिटे, बाह्यांवरचे रक्त, जाळलेले कपडे, सगळे. खोटी होती ती नंतरची तिची कबुली, की मी खोटे बोलले. सत्य न्यायालयासमोर आले, शपथेवर आले, जसेच्या तसे नोंदले गेले, आणि ज्या तोंडून ते आले त्या तोंडाची पत घालवून ते निकामी केले गेले. रहस्यकथांत पुरावा लपवण्याचे शेकडो मार्ग आहेत. पुरावा भर न्यायालयात मांडून तो नाहीसा करण्याची ही युक्ती मला दुसरीकडे इतक्या स्वच्छ रूपात आढळलेली नाही. त्यामुळेच ही कथा दुसऱ्या वाचनात पहिल्यापेक्षा चांगली वाटते. पहिल्या वेळी आपण ज्यूरीत बसलेलो असतो. दुसऱ्या वेळी आपण रोमेनच्या शेजारी उभे राहून ज्यूरीकडे पाहत असतो.

आता यात माझ्या धंद्याचा भाग. आपल्याकडे सत्र न्यायालयात साक्षीदाराचे म्हणणे बहुधा प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे, तर सलग निवेदनाच्या रूपात नोंदले जाते. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार आपल्या बोलीत काहीबाही सांगतो, न्यायाधीश त्याचे वाक्य करून सांगतात आणि लघुलेखक ते उतरवतो. जतकडचा एखादा मेंढपाळ हात नाचवत, मध्येच थांबत, घाम पुसत जे सांगतो ते कागदावर “मी आरोपीस ओळखतो. घटनेच्या वेळी मी विहिरीजवळ होतो.” असे दोन ओळींत येते. हात, घाम, थांबणे, सगळे गळून जाते. म्हणूनच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये साक्ष देतानाच्या साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल न्यायाधीशांना महत्त्वाचे वाटेल ते निरीक्षण नोंदवण्याची तरतूद होती, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. वरचे न्यायालय फक्त कागद वाचते. साक्षीदाराला पाहिलेले असते ते खालच्या न्यायाधीशांनीच. ख्रिस्तींनी आपल्या कथेची किल्ली नेमकी या गळून जाणाऱ्या भागात ठेवली आहे. आवळणारा आणि सुटणारा हात कोणत्याही नोंदीत आला नसता. वकिलाने, सरकार पक्षाने, न्यायाधीशाने आणि ज्यूरीने शब्द ऐकले. चष्मा पुसणाऱ्या एका म्हाताऱ्याने तेवढा हात पाहिला, पण त्याचा अर्थ त्याला निकाल लागून गेल्यावरच कळला.

कायद्याच्या बाजूनेही कथा घट्ट बांधलेली आहे, आणि ती आपल्या कायद्याशी ताडून पाहण्यात वेगळीच मजा आहे. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात पत्नीला सर्वसाधारणपणे पतीविरुद्ध सरकार पक्षाची साक्षीदार होता येत नसे. म्हणूनच रोमेनचा पहिला नवरा जिवंत असणे आणि व्होलशी झालेला विवाह बेकायदा असणे हे लेखिकेला आवश्यक होते; तो नुसता मसाला नाही. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात मात्र कलम १२० नुसार फौजदारी खटल्यात आरोपीची पत्नी सक्षम साक्षीदार होती. तिला अडवणारे होते ते कलम १२२: वैवाहिक काळात पतीने तिला जे सांगितले ते ती उघड करू शकत नाही. काय पाहिले ते सांगू शकते. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली. पत्नीने पतीला पहाटे छपरावरून उतरताना, भुशाच्या कोठीत जाताना आणि अंघोळ करताना पाहिले, हे ग्राह्य; तो तिला काय म्हणाला, हे अग्राह्य. म्हणजे रोमेन सांगलीच्या न्यायालयात कायदेशीर पत्नी म्हणून उभी राहिली असती तरी रक्त, वेळ आणि जाळलेले कपडे तिला सांगता आले असते. २०२४ च्या जुलैपासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी पती-पत्नींमधील बोलण्याचे हे संरक्षण टिकून आहे.

रोमेनचा डाव मात्र आपल्याकडे दोन ठिकाणी अडखळला असता. एक बाब खोटी ठरली म्हणजे साक्षीदार सर्वच बाबतीत खोटा, हा नियम आपली न्यायालये मानत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत हे सांगितले आहे. धान्य आणि फोल वेगळे करणे हे न्यायाधीशाचे काम समजले जाते. रोमेनची पत्रे वाचून एखाद्या जिल्हा न्यायाधीशाने असे विचारले असते की, ठीक आहे, या बाईचा हेतू वाईट आहे, पण कपडे कोठे गेले? बारा सामान्य नागरिकांच्या ज्यूरीला ती सवय नसते. साक्षीदार खोटी निघाली की तिच्याबरोबर तिचे सगळे वाहून जाते, आणि रोमेनने पैज लावली ती याच गोष्टीवर.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी ज्यूरीने निर्दोष ठरवलेल्या आरोपीवर त्याच खुनाचा खटला पुन्हा चालवता येत नसे. २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांसाठी, नवा सबळ पुरावा असेल तर, हा नियम सैल केला. कथेतील निकालाला म्हणूनच कुलूप लागते. आपल्याकडे सत्र न्यायालयाच्या निर्दोष मुक्ततेविरुद्ध राज्य सरकारला उच्च न्यायालयात अपील करता येते. राज्यघटनेच्या कलम २० (२) मधील संरक्षण शिक्षा होऊन गेलेल्या माणसासाठी आहे; अपील हा त्याच खटल्याचा पुढचा टप्पा समजला जातो. व्होल सुटला असता, आणि काही आठवड्यांनी सरकारी वकिलांच्या कचेरीत अपिलाची टिपणी तयार झाली असती. ज्यूरी भारतात कशी संपली हेही वाचकांना ठाऊक असेल: १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही. एवढे असूनही कथा आपल्याला परकी वाटत नाही, कारण साक्षीदाराच्या चारित्र्यावरून साक्षीची किंमत ठरवण्याचा मोह कोणत्याही कायद्याने सुटलेला नाही.

दोष आहेत. सॉलिसिटर रात्री अनोळखी वस्तीत जाऊन दारुड्या बाईकडून पत्रे विकत घेतो आणि ती कोठून आली, कशी आली, याची कोणीही चौकशी करत नाही, हे मला प्रत्येक वाचनात खुपते. आमच्याकडे त्या पत्रांना निशाणी (पुरावा म्हणून न्यायालयाचा क्रमांक) पडण्याआधी हस्ताक्षर कोणाचे, ते शाबीत कोण करणार, यावर अर्धा दिवस वाद झाला असता आणि नंतर पुढची तारीख पडली असती. रोमेन इतक्या तत्परतेने कोसळते हेही सोयीचे आहे. पिंजऱ्यात खोटे पकडले गेलेले साक्षीदार मी पाहिले आहेत. ते रडत नाहीत, ते “आता आठवत नाही” म्हणतात आणि त्यापुढे त्यांच्याकडून काहीही निघत नाही. अर्थात रोमेन नटी आहे आणि तिला कोसळायचेच होते, हे शेवटी कळते तेव्हा हा दोष अर्धा भरून निघतो. परदेशी बाई म्हणजे संशयास्पद, हा त्या काळच्या इंग्रज मध्यमवर्गाचा ग्रह कथेत सर्वत्र पसरला आहे. लेखिकेने तो वाचकाविरुद्ध वापरला आहे हे खरे. पण तो तिचा स्वतःचाही होता असे वाटण्याइतका तो सहज येतो.

चित्रपटाविषयी. वाइल्डर यांनी बॅरिस्टर सर विल्फ्रिड यांना खटल्याच्या केंद्रस्थानी आणले, त्यांना हृदयविकारातून नुकतेच उठवले आणि मागे एक बडबडी परिचारिका लावून दिली. चार्ल्स लॉटन आणि एल्सा लँचेस्टर हे प्रत्यक्षातले पती-पत्नी या दोन भूमिकांत आहेत, आणि दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले होते. चित्रपटाला एकूण सहा नामांकने होती, पुरस्कार एकही मिळाला नाही. डोळ्याला लावायच्या भिंगाने खिडकीतला उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर पाडून त्याची पारख करण्याची सर विल्फ्रिड यांची युक्ती पाहावी. व्होल तो उजेड निमूटपणे सोसतो. मार्लीन डीट्रिच यांची क्रिस्टीन (चित्रपटात रोमेनचे नाव हे आहे) उठते आणि पडदा ओढून घेते. पहिल्यांदा पाहणारा यावरून जे अनुमान काढतो ते साफ उलटे असते, आणि ते आपल्याकडून शब्दाविना काढून घेतले जाते. मोलकरणीच्या भूमिकेत ऊना ओकॉनर आहेत. त्यांनी ब्रॉडवेवरही तीच भूमिका केली होती आणि ते प्रत्येक वाक्यात जाणवते. गोळ्या, थर्मास आणि जिन्यावरच्या खुर्चीचे विनोद मात्र पूर्वार्धात जास्त झाले आहेत. कथेतला कोरडेपणा ज्यांना आवडेल त्यांना पहिला अर्धा तास थोडा धीर धरावा लागेल.

नाटकाचा आणि चित्रपटाचा शेवट कथेच्या पुढे जातो. रोमेनच्या कबुलीनंतर व्होलला दुसरी एक तरुणी भेटायला येते, आणि रोमेन त्याला सुऱ्याने भोसकते. हा शेवट ठेवण्याबद्दल ख्रिस्तींनी विरोध पत्करूनही आग्रह धरला होता. रंगमंचावर त्याची गरज मला समजते: नाट्यगृहात बसलेल्या माणसाला खुनी मोकळा सुटून घरी गेला हे सहन होत नाही. पण कथेत तो सुटतो, रोमेन सुटते, आणि मेहर्न यांना हे सगळे माहीत असूनही काही करता येत नाही. यातली बोच नाटकाच्या शेवटात नाहीशी होते. माझे मत कथेच्या बाजूने आहे. माझ्या ओळखीतील बहुतेक वकिलांचे मत नाटकाच्या बाजूने आहे, याचे मला थोडे आश्चर्य वाटते.

मराठी प्रेक्षकाला न्यायालय रंगमंचावर पाहण्याची सवय जुनी आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ मध्ये प्रभाकर पणशीकरांचा निपाणीचा लखोबा लोखंडे साक्षीदारांमागून साक्षीदार पचवत राहतो आणि आपण त्याच्या निर्लज्जपणाला हसतो. तेथे खोटे कोण बोलतो ते पहिल्या अंकापासून ठाऊक असते; रस असतो तो बोलण्याच्या कसबात. ख्रिस्तींच्या नाटकात तेच कसब प्रेक्षकावर चालवले जाते. जवळचे नाते मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ मध्ये फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघेही डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या गोष्टींवरून खोटी अनुमाने काढतात. एक तसबीर, एक मूर्च्छा आलेली तरुणी, एवढ्यावर घर पेटते. प्रहसन आणि खून यांत अंतर आहे, पण पुरावा खरा आणि निष्कर्ष खोटा ही गंमत तीच.

ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेथे हौशी नाट्यसंस्थांची कमतरता नाही, म्हणून एक सूचना. हे नाटक मराठीत करण्याचा मोह झाला तर घटना भारतात आणू नये. ज्यूरी काढली की डाव मोडतो, आणि अपिलाची सोय ठेवली की शेवट मोडतो. लंडनमध्येच ठेवावे, भाषा मराठी असावी, आणि मोलकरणीच्या भूमिकेसाठी संस्थेतील सर्वात अनुभवी नटी घ्यावी. नायिकेची भूमिका नंतर वाटावी. प्रयोगाचे हक्क अर्थातच रीतसर घ्यावे लागतील.

पुस्तकाच्या प्रतीबद्दल थोडेसे. माझ्याकडील स्वस्त इंग्रजी आवृत्तीचा टाइप बारीक आहे, कागद लवकर पिवळा पडेल असा आहे, आणि बांधणी उघडून सपाट ठेवण्याजोगी नाही. भाषा सोपी आहे; महाविद्यालयात इंग्रजी वाचलेल्या कोणालाही शब्दकोशाची गरज क्वचितच पडेल. कथा पाऊण तासात संपते. इतर अकरांपैकी ‘द रेड सिग्नल’ आणि ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू जार’ या दोन वाचाव्यात, बाकीच्या चाळल्या तरी चालतील. आधी कथा, मग चित्रपट, शेवटी नाटकाची संहिता असा क्रम ठेवावा. उलट केल्यास कथेतला तो हात आपल्याला मेहर्न यांच्या आधीच दिसू लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी उलटतपासणीचा धडा सुरू होण्यापूर्वी ही कथा वाचलेली बरी. पाचपैकी साडेचार गुण. राहिलेला अर्धा त्या निशाणी न पडलेल्या पत्रांसाठी कापला आहे.